गिरणीचा घोडा आणि गाडीचे इंजिन

जेम्स वॉटने १७८० च्या दशकात वाफेच्या इंजिनाची ताकद गिऱ्हाइकाला समजावी म्हणून ज्या घोड्याचा हिशेब मांडला, तो रस्त्यावर दौडणारा घोडा नव्हता. तो गिरणीचे चाक फिरवणारा घोडा होता. आडव्या दांड्याला जुंपलेला हा घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेरे घालतो आणि त्याची ओढ सुमारे १८० पौंडांची असते, असे वॉटने धरले. गुणाकार केला की मिनिटाला साधारण साडेबत्तीस हजार फूट-पौंड इतके कार्य निघते. वॉटने त्याचे ३३,००० केले आणि अश्वशक्ती हे एकक रूढ झाले.

या हिशेबातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि गाड्यांविषयीच्या चर्चेत ती सहसा येत नाही. वॉटची ओढ आणि वॉटचा दांडा आजच्या एककांत मांडून पाहा. १८० पौंडांची ओढ म्हणजे जवळजवळ ८०० न्यूटन, आणि १२ फुटांचा दांडा म्हणजे ३.६६ मीटर. दोन्हींचा गुणाकार सुमारे २९०० न्यूटन मीटर होतो. तेरा लिटरचे ट्रकचे अवजड डिझेल इंजिन २५०० न्यूटन मीटरच्या घरात टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा पीळ, देते. म्हणजे वॉटचा एकटा घोडा गिरणीच्या खांबाला त्याहून अधिक पीळ देत होता. तरीही ट्रकचे इंजिन चाळीस टनांचा भार घेऊन महामार्गावर धावते आणि घोडा मात्र दिवसभर एका खांबाभोवती फिरत राहतो, कारण घोड्याच्या खांबाचे मिनिटाला होत होते अडीचपेक्षाही कमी फेरे, आणि ट्रकचे इंजिन तेवढ्याच वेळात हजार फेरे पुरे करते. घोड्याच्या नावाने मोजली जाणारी शक्ती मुळात अशी प्रचंड टॉर्क आणि अत्यल्प वेग यांच्या गुणाकारातून मोजली गेली, हे एकदा ध्यानात आले की टॉर्क आणि अश्वशक्ती यांना एकमेकांसमोर उभे करून ‘यांतले श्रेष्ठ कोणते’ असा वाद घालण्यात अर्थ उरत नाही.

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. पिस्टनवर जळत्या वायूचा दाब येतो, कनेक्टिंग रॉड तो दाब क्रँकशाफ्टच्या आऱ्यावर टाकतो आणि क्रँकशाफ्ट पिळला जातो. त्या पिळाचे माप म्हणजे टॉर्क. या मापात काळाला स्थान नाही. घट्ट बसलेल्या नटावर पान्याने जोर लावला आणि नट तसूभरही हलला नाही, तरी टॉर्क पुरेपूर असतो. कार्य मात्र शून्य असते, आणि म्हणून शक्तीही शून्य असते. शक्ती या राशीत काळ अपरिहार्यपणे येतो. तोच जोर दर मिनिटाला किती वेळा फिरवून दाखवला, हे शक्ती सांगते. न्यूटन मीटरमधला टॉर्क आणि मिनिटाला होणारे फेरे यांचा गुणाकार करून त्याला ९५४९ ने भागले की किलोवॉटमध्ये शक्ती मिळते. या एका सूत्रापलीकडे दोघांमध्ये दुसरे कोणतेही गूढ नाही.

हे सूत्र मी पुस्तकात वाचले होते, पण ते खरे कळले ते इंजिनाच्या प्रयोगशाळेत. तिथे एका सिलिंडरचे, संथ गतीचे डिझेल इंजिन होते आणि त्याच्या शाफ्टवर लोखंडी ड्रम बसवलेला होता. ड्रमभोवती जाड दोर गुंडाळलेला असे; दोराच्या एका टोकाला वजने टांगायची आणि दुसरे टोक वर स्प्रिंग बॅलन्सला अडकवायचे. ड्रमच्या आतल्या खोबणीत नळीने पाणी सोडलेले असे. इंजिन मोकळे चालत असताना त्याचा आवाज हलका, विरळ येई. एकेक वजन चढवले की दोर ड्रमला करकचून आवळे, फेरे स्थिर राखणारा गव्हर्नर इंधन वाढवी आणि धुराड्याचा आवाज जड होत जाई. फेरे मात्र जवळजवळ तेवढेच राहत. थोड्याच वेळात ड्रममधल्या पाण्याची वाफ निघू लागे आणि तापलेल्या दोराचा वास खोलीभर पसरे. आम्ही वहीत दोनच गोष्टी टिपत असू: वजन आणि स्प्रिंग बॅलन्स यांच्या आकड्यांतला फरक, आणि टॅकोमीटरवरचे फेरे. पहिल्या आकड्याला ड्रमच्या त्रिज्येने गुणले की टॉर्क मिळे. अश्वशक्ती दाखवणारा काटा त्या यंत्रावर कुठेच नव्हता. ती नंतर बाकावर बसून ‘टू पाय एन टी अपॉन सिक्स्टी’ (एन म्हणजे मिनिटाचे फेरे, टी म्हणजे टॉर्क) या पाठ असलेल्या सूत्राने काढायची. मात्र त्या ड्रममधून उठणारी वाफ ही त्या शक्तीचीच होती. इंजिन दर सेकंदाला जेवढी ऊर्जा देत होते, तेवढीच तिथे उष्णता होऊन पाण्यात उतरत होती.

दोर किंवा पट्टा आवळून इंजिनाची परीक्षा घेण्याची ही रीत जुनी आहे. गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ मध्ये असा ब्रेक योजला, आणि ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ या शब्दप्रयोगातला ब्रेक तोच आहे. आजच्या चाचणी केंद्रांत दोराच्या जागी पाण्याचे किंवा विजेचे डायनॅमोमीटर आले, तरी असा ब्रेक आजही मोजतो तो टॉर्कच. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की टॉर्क तेवढा खरा आणि अश्वशक्ती ही नुसती आकडेमोड. मला हा युक्तिवाद मान्य नाही. अंतर आणि वेळ मोजून वेग काढला म्हणून वेग खोटा ठरत नाही. आणि ज्याने ती वाफ पाहिली आहे, तो शक्तीला केवळ कागदावरची गोष्ट म्हणूच शकणार नाही.

खरा गोंधळ होतो तो गिअरबॉक्समुळे, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. इंजिनाच्या माहितीपत्रकात २०० न्यूटन मीटर टॉर्क लिहिलेला असला, तरी चाकाला तेवढाच टॉर्क कधीच मिळत नाही. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि त्यापुढच्या डिफरन्शियलचे ४ असेल, तर इंजिन १४ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते, आणि त्या बदल्यात टॉर्क चौदापट होतो. २०० चे २८०० न्यूटन मीटर होतात. पाचव्या गिअरमध्ये तेच इंजिन चाकाला जेमतेम ६४० न्यूटन मीटर देते. मोठी नोट मोडून सुट्टे घ्यावेत, तसा हा व्यवहार आहे: नाण्यांची संख्या वाढते, पण रकमेत भर पडत नाही, उलट दातांच्या घर्षणापोटी थोडी दलाली कापली जाते. टॉर्क हवा तेवढा वाढवता येतो. त्यासाठी वेग मोजावा लागतो. शक्ती मात्र कोणत्याही गिअरने वाढत नाही. म्हणूनच, ठरावीक वेगाने धावणाऱ्या गाडीच्या चाकांना जमिनीवर जास्तीत जास्त किती जोर लावता येईल, हे इंजिनाच्या कमाल टॉर्कवर ठरत नाही. त्या क्षणी इंजिन किती शक्ती देऊ शकते, यावर ते ठरते.

चढाचे उदाहरण घेऊ, कारण ‘चढाला टॉर्क लागतो’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक गाडीवाल्याच्या तोंडी असते. माणसांसह १५०० किलो वजनाची गाडी दर दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर वेगाने निघाली आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर. म्हणजेच दर सेकंदाला १५०० किलोंचा भार एक मीटर वर उचलला जातो आहे. मेट्रिक अश्वशक्तीची व्याख्याच अशी की ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायचे. १५०० भागिले ७५ म्हणजे २०. हवेचा आणि टायरचा विरोध बाजूला ठेवला, तर या चढाला बरोबर २० अश्वशक्ती लागतात. वेग दुप्पट, ताशी ७२ किलोमीटर ठेवायचा असेल तर ४० लागतात. यात इंजिन पेट्रोलचे की डिझेलचे, याला काही महत्त्व नाही. तो चढ आपल्याकडे ४० अश्वशक्ती मागतो आणि त्या कोणत्या रूपात द्यायच्या हे आपल्यावर सोडतो.

त्या ४० अश्वशक्ती मिनिटाला २००० फेऱ्यांवर द्यायच्या, तर इंजिनाला १४० न्यूटन मीटर टॉर्क द्यावा लागतो. गिअर खाली घेऊन ४००० फेऱ्यांवर द्यायच्या, तर ७० न्यूटन मीटर पुरतात. टर्बो (सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारे यंत्र) असलेले डिझेल इंजिन २००० फेऱ्यांवर १४० न्यूटन मीटर सहज देते, म्हणून ते पाचव्या गिअरमध्ये, आवाजही न चढवता ती चढण चढून जाते. १.२ लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा कमाल टॉर्कच ११० च्या आसपास असतो; पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी त्याला हे जमणार नाही, आणि गाडीचा वेग हळूहळू उतरत जाईल. तेच इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये ४००० फेऱ्यांवर आणले की निम्म्याहून थोडा अधिक जोर लावून तोच चढ त्याच वेगाने चढते. दोन्ही गाड्या सारखेच कार्य करतात. पण पहिलीत बसलेला माणूस म्हणतो, ‘गाडीत दम आहे’, आणि दुसरीत बसलेला म्हणतो, ‘गाडी ओरडते आहे, इंजिनाला त्रास होतो आहे.’

मला या वाक्याचे नेहमी वाईट वाटते, कारण ते चांगल्या इंजिनांवर अन्याय करते. चांगले तापलेले, तेल व्यवस्थित असलेले पेट्रोल इंजिन ४००० फेऱ्यांवर फिरते तेव्हा ते आपल्या घडणीप्रमाणेच वागत असते. उलट मोठ्या गिअरमध्ये, १२००-१३०० फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी दामटली की प्रत्येक स्फोटाचा दाब पिस्टन आणि बेअरिंगवर बराच वेळ राहतो आणि बॉडीत ती घरघर जाणवते. त्रास होतो तो तिथे. वर जाणारा आवाज ऐकून घाबरणारे आणि खालची घरघर सहन करणारे चालक मी फार पाहिले आहेत.

आता दोन खरी इंजिने शेजारी ठेवून पाहू. फोक्सवॅगनचे १.९ लिटरचे टीडीआय डिझेल इंजिन आपल्या १३० अश्वशक्तीच्या रूपात १९०० फेऱ्यांवर ३१० न्यूटन मीटर टॉर्क देत असे. होंडाच्या एस २००० या दोन आसनी गाडीचे दोन लिटरचे पेट्रोल इंजिन, त्याच्या युरोपातल्या रूपात, ८३०० फेऱ्यांवर २४० अश्वशक्ती देई, पण त्याचा कमाल टॉर्क २०८ न्यूटन मीटरच होता, तोही ७५०० फेऱ्यांवर. १९०० फेऱ्यांवर त्या डिझेलकडे ८४ अश्वशक्ती हजर असतात. होंडाच्या इंजिनाने आपला संपूर्ण २०८ चा टॉर्क त्याच १९०० फेऱ्यांवर दिला असता, जो ते देत नाही, तरी तिथे ५६ अश्वशक्तीच निघाल्या असत्या. म्हणून शांतपणे, गिअर न बदलता पुढच्या वाहनाला मागे टाकायचे असेल, तर डिझेलची गाडी सरस वाटते. आणि चालक काटा ७०००-८००० च्या पट्ट्यात ठेवायला तयार असेल, तर होंडा तिला कुठल्या कुठे मागे टाकते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ज्याला आपण ‘टॉर्की गाडी’ म्हणून नावाजतो, तिच्यात प्रत्यक्षात आपल्याला आवडते ती कमी फेऱ्यांवर हाताशी असलेली शक्ती. तिला पिकअप म्हणा, दम म्हणा. पाठीला आसन लागते तेव्हा चाकांवरचा जोर वाढलेला असतो, आणि तो जोर इंजिनाने त्या घडीला दिलेल्या शक्तीतूनच येतो. कमाल टॉर्कचा आकडा मोठा आणि तो कमी फेऱ्यांवर मिळतो असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ आपण असा वाचायचा की ही गाडी रोजच्या वापरातल्या फेऱ्यांवर भरपूर शक्ती देते. कमाल अश्वशक्तीचा आकडा सांगतो की गाडीला पूर्ण पिळून काढले तर तिच्यात किती आहे. हे दोन आकडे म्हणजे एकाच वक्ररेषेवरचे दोन ठिपके, आणि गाडी चालवणाऱ्याचा संबंध येतो तो मधल्या सगळ्या रेषेशी. ती रेषा माहितीपत्रकात क्वचितच छापतात, ही माझी खरी तक्रार आहे.

ही रेषा का वाकते, तेही पाहण्याजोगे आहे. टर्बो नसलेल्या इंजिनात ते सगळे श्वासावर अवलंबून असते. फेरे कमी असताना सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेला पुरेशी गती नसते. फेरे फार वाढले की झडपा उघड्या राहण्याचा काळ इतका तोकडा पडतो की सिलिंडर नीट भरतच नाही, आणि घर्षणही वाढते. मधे कुठेतरी श्वास सर्वांत भरून येतो आणि तिथे टॉर्कचे शिखर असते. त्यापुढे टॉर्क उतरू लागतो, पण फेरे त्याहून वेगाने वाढत असल्यामुळे गुणाकार, म्हणजे शक्ती, अजून काही काळ चढत राहते. टॉर्कची घसरण फेऱ्यांच्या वाढीवर मात करते, तिथे अश्वशक्तीचे शिखर येते आणि त्यापुढे गाडी ओढण्यात काही राम उरत नाही. टर्बो हवा दाबून भरत असल्यामुळे हा सगळा नकाशाच बदलतो. आजच्या टर्बो इंजिनांत संगणक हवेचा दाब आवरून धरतो आणि टॉर्कची रेषा १५०० पासून ४००० पर्यंत पठारासारखी सपाट ठेवतो.

लांब स्ट्रोकचे (म्हणजे पिस्टनचा वरखाली पल्ला लांब असलेले) इंजिन म्हणजे अधिक टॉर्क, ही समजूतही फार पसरलेली आहे. स्ट्रोक लांब केला की क्रँकचा आरा लांब होतो हे खरे. पण इंजिनाचे घनफळ तेवढेच ठेवायचे तर पिस्टन अरुंद करावा लागतो, आणि त्यावर पडणारा एकूण जोर त्याच प्रमाणात घटतो. एका हाताने मिळते ते दुसऱ्या हाताने जाते. घनफळ आणि आतला सरासरी दाब सारखा असेल, तर टॉर्कही सारखाच असतो. लांब स्ट्रोक करतो ते इतकेच की पिस्टनला दर फेऱ्यात लांबचा पल्ला मारावा लागतो आणि म्हणून इंजिनाला फार फेरे झेपत नाहीत. ब्रिटनमध्ये १९१० नंतर मोटारींवरचा कर ज्या सूत्राने ठरे, त्यात पिस्टनचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या एवढेच धरले जाई. परिणामी तिथल्या कारखानदारांनी अनेक वर्षे अरुंद पिस्टनची आणि लांब स्ट्रोकची, कमी फेऱ्यांची इंजिने बनवली. डिझेलच्या टॉर्कचे श्रेयही मुख्यतः टर्बोला जाते. टर्बो नसलेले जुने डिझेल इंजिन तेवढ्याच घनफळाच्या पेट्रोल इंजिनापेक्षा कमीच टॉर्क देत असे, कारण डिझेल जाळताना सिलिंडरमधली सगळी हवा वापरता येत नाही. तशी ती वापरायला गेले तर काळा धूर निघतो.

आकडे वाचताना ते कुठे आणि कसे मोजले, हेही पाहावे लागते. अमेरिकेत १९७१ पर्यंत पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर काढून ठेवून उघड्या इंजिनाची शक्ती सांगण्याचा प्रघात होता. १९७२ मध्ये सर्व जोडण्यांसह मोजलेले आकडे द्यायला सुरुवात झाली, आणि कॅडिलॅक एल्डोराडोचे ८.२ लिटरचे अजस्र इंजिन कागदावर ३६५ अश्वशक्तींवरून २३५ वर आले.

‘अश्वशक्तीवर गाड्या विकल्या जातात, शर्यती मात्र टॉर्कवर जिंकल्या जातात’, असे एक वाक्य सर्वत्र फिरते आणि त्याचे जनकत्व कधी या तर कधी त्या नामवंताला दिले जाते. शर्यतीचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. २००६ ते २०१३ या काळातल्या फॉर्म्युला वनच्या गाड्यांत २.४ लिटरची आठ सिलिंडरची इंजिने होती. त्यांचा टॉर्क ३०० न्यूटन मीटरच्याही आत असे, म्हणजे वर सांगितलेल्या १.९ लिटरच्या डिझेलपेक्षा कमी. पण ती १८,००० फेरे फिरत, आणि तिथे साडेसातशेच्या आसपास अश्वशक्ती मिळत. शर्यतीच्या अभियंत्यांनी दशकानुदशके जिवाचे रान केले ते फेरे वाढवण्यासाठी, कारण फेरे मिळाले की गिअर त्यांचा हवा तेवढा टॉर्क करून देतात.

विजेच्या मोटारीने हा सगळा विषय नव्याने समोर आणला आहे, आणि मला त्याचा आनंद वाटतो. तिच्यात श्वास भरण्याची भानगड नाही. शून्य फेऱ्यांपासूनच तिला पूर्ण टॉर्क देता येतो. चढावर उभी असलेली विजेची गाडी ब्रेक न लावता नुसत्या मोटरच्या जोरावर धरून ठेवली, तर टॉर्क लागू आहे आणि चाकापर्यंत पोहोचणारी शक्ती शून्य आहे, ही प्रयोगशाळेतल्या फळ्यावरची गोष्ट प्रत्यक्ष पाहायला मिळते. गाडी सुटली की शक्ती फेऱ्यांबरोबर सरळ रेषेत चढते, मग एका ठरावीक फेऱ्यापाशी बॅटरी आणि इन्व्हर्टर यांची मर्यादा येते. तिथून पुढे शक्ती जवळपास स्थिर राहते आणि फेरे वाढतील तसा टॉर्क उतरत जातो. सिग्नलवरून सुटताना चकित करणारी गाडी ताशी १२० च्या पुढे काहीशी मंदावल्यासारखी वाटते ती यामुळे, आणि त्यात हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढत असते.

हा पट्टा इतका रुंद आहे की बहुतेक विजेच्या गाड्यांचे एकाच गुणोत्तरावर भागते. तरीही पोर्शने २०१९ मध्ये आणलेल्या टायकानच्या मागच्या चाकांना दोन गिअर दिले: पहिला सुटताना चाकांवर अधिक जोर मिळावा म्हणून, आणि दुसरा मोठ्या वेगाला मोटरचे फेरे तिच्या सोयीच्या पट्ट्यात राहावेत म्हणून.